कलशाला लागलेला हात

आमच्या मजल्यावरची जयमाला बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. ऑफिसात कुणी रजेवर गेलं की त्याचं काम हिच्याकडे, सोसायटीत भंडारा असला की भाजी चिरायला ही पुढे, घरी सासूबाई राहीबाईंचं पथ्यपाणी. कुणाला नाही म्हणणं माहीत नाही. "होईल की, त्यात काय." आम्ही बायका तिला देवीसारखी सोशिक म्हणायचो, आणि तिनंही ते फार मनावर घेतलं असावं.

यंदा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी तिच्याकडे उद्यापन होतं. आम्हा सवाष्णींना पुरणपोळीचं जेवण. रजा मिळाली नव्हती. कडक उपास, त्यात ऑफिसातून येऊन पुरण वाटायला घेतलं तर नळाला पाणी नाही. तेव्हाही नवऱ्याला, रणजीतला, ती म्हणाली म्हणे, "तुम्ही बसा, होईल."

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा आतून राहीबाईंचा आवाज आला, "पुरनात जायफळ इसरलीस व्हय गं? देवी काय म्हनंल?"

एवढंच. जयमालानं चौरंगावर मांडलेल्या कलशाला हातानं झटका दिला. "तुमची देवी तुम्हीच सांभाळा आता."

पाणी चौरंगावरून जमिनीवर आलं. नारळ घरंगळत आमच्या पायांशी थांबला. शुक्रवार उजाडेपर्यंत जो कलश कुणी हलवत नाही, त्याचं हे असं. मी नारळ उचलून पदरात धरला. कुठे ठेवावा सुचेना. जयमालानं आम्हाला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आम्ही हळदीकुंकूही न घेता परतलो. तेही चुकलंच आमचं.

त्यानंतर ती लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागली. भजनाला येणं बंद. राहीबाई मला म्हणाल्या, "देवापुढं जाईना झालीया. म्हनती, माजा हात बाटला. दिवा मीच लावती. तुमी या की एकडाव."

संध्याकाळी गेले. जयमाला कणीक मळत होती, मान वर केली नाही. राहीबाई शेंगा सोलत म्हणाल्या, "म्या तर सासूम्होरं ताकाचा डेरा लवंडला हुता. देवी कुटं गेली न्हाई. सासू मातुर म्हैनाभर बोलली न्हाई. लई निवांत गेला त्यो म्हैना."

मला हसू आलं. तिला नाही.

"आई, तुम्ही रागवा तरी," ती म्हणाली. "सगळ्यांपुढं शोभा झाली माझी. मला नाही हो जमत सगळं. कधीच जमत नव्हतं."

"मग तसं म्हनायचं. तू हुईल म्हनतीस, मी हुईल समजती. मला काय सपान पडतंय?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुरण माझ्याकडून येईल."

"नको, होईल..." म्हणता म्हणता ती थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग कणकेकडे बघतच "आणा," म्हणाली.

दिवेलागण झाली. राहीबाईंनी काडेपेटी तिच्यापुढे धरली. तिनं हात मागे घेतले.

"आज तुम्हीच लावा, आई. मी नुसती बसते."

हात धुऊन आली आणि राहीबाईंच्या मागे, अंग चोरून, देव्हाऱ्यासमोर बसली. हात जोडले. मान मात्र वर केली नाही.