काकूंची पारशी कोथिंबीर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू काळजी करायच्या, आणि ती मोठ्याने करायच्या. मनात ठेवणं त्यांना जमायचंच नाही. मी बँकेत जायला निघाले की फाटकाशी पोचेपर्यंत वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "सुनीता, गॅस बंद केलास ना?" हो म्हटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, म्हणून मी मुकाट्याने परत फिरून बघून यायचे. समोरची मुलगी स्कूटरवरून उशिरा आली, तर तिच्या आईआधी काकूंचा जीव खालीवर झालेला असायचा. काही झालेलं नसायचं. "पण होऊ शकतं ना," हे त्यांचं पालुपद.

काकू मूळच्या नागपूरच्या. काकांच्या सरकारी नोकरीपायी भोपाळला आल्या आणि काका गेल्यावरही नेहरू नगरातच राहिल्या. एकुलता एक मुलगा, समीर, दुबईला इंजिनिअर. त्याने तिथेच लेबनॉनच्या एका मुलीशी लग्न केलं. तिचं नाव रीमा आहे हे कळल्यावर काकूंना हायसं वाटलं. निदान हाक तरी नीट मारता येईल, म्हणाल्या.

गणपतीत दोघं भोपाळला आली. रीमाला नुकतेच दिवस गेले होते. इथे आल्यावर तिला त्रास सुरू झाला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. रजा संपली तसा समीर एकटाच परत गेला. तो गेला आणि थोड्याच दिवसांत रीमाच्या शहरावर बॉम्ब पडायला लागले. तिचे आईवडील तिथेच होते. घर सोडून जायला वडील तयार नव्हते.

सासूसुनांना एकमेकींची भाषा येत नव्हती. काकूंचं मराठी-हिंदी, रीमाचं अरबी-इंग्रजी. मधे मी. संध्याकाळी बँकेतून आले की आधी वर जायचं आणि दिवसभर साठलेलं एकीचं दुसरीला सांगायचं, असा माझा क्रम झाला. रीमा फोन हातात धरून बसलेली असायची. आईचा फोन लागला तर दोन घास खायची, नाही लागला तर तेही नाही. पोटातल्या बाळाच्या धास्तीने काकूंची झोप उडाली. वरणभात, उपमा, खिचडी, सगळं करून झालं. शेवटी त्यांनी मला विचारायला लावलं, की तुला नेमकं काय खावंसं वाटतंय?

रीमाने हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, आई करते ती पार्सलीची कोशिंबीर. पार्सली भरपूर, थोडा दलिया, टोमॅटो, लिंबू.

काकूंनी फोनवर पार्सलीचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, ही तर कोथिंबीर. दुसऱ्या दिवशी जुडीभर कोथिंबीर चिरून कोशिंबीर केली. रीमाने एक घास घेतला, ताटली बाजूला ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काकू कितीतरी वेळ त्या बंद दाराकडे बघत बसल्या. नंतर एका मोठ्या दुकानातून मी पार्सलीचं पाकीट आणलं, तर आतली पानं काळी पडून चिकट झालेली.

तेव्हा काकूंनी ठरवलं, घरीच लावायची. जवाहर चौकातल्या बियाणेवाल्याने त्यांना आधी ओव्याच्या जातीचं काहीतरी काढून दिलं. काकूंनी फोनवरचं चित्र दाखवून दाखवून त्याच्याकडून खरं बी मागवून घेतलं. त्या या रोपाला पारशी कोथिंबीर म्हणायच्या. मी दोनतीनदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं.

ऑक्टोबरचं ऊन अजून भाजत होतं. थंड हवेतलं रोप ते. काकूंनी बी कोमट पाण्यात भिजत घातलं, कुंड्यांमध्ये शेणखत कालवलं, बी पेरून वर ओलं गोणपाट टाकलं. कोथिंबीर आठवड्याभरात उगवते, ही काही केल्या दिसेना. काकू दिवसातून दहादा गोणपाट उचलून बघायच्या. कुजलं असेल, मुंग्यांनी नेलं असेल, दुकानदाराने जुनं बी दिलं असेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, सारखं वाईटच का मनात आणता?"

"मन वाईटच बोलतं गं," त्या गोणपाटावर पाणी शिंपडत म्हणाल्या. "हाताला तरी चांगलं करू द्यावं."

आम्ही आशा सोडली तेव्हा कोंब वर आले. सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारचं लागू नये म्हणून काकूंनी गॅलरीला जुनी सुती साडी बांधली. आता रीमाही बाहेर येऊन बसायला लागली. तिची आई खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत पार्सली लावायची. रीमाने काकूंना हातानेच दाखवलं, की बाहेरचे देठ खाली मुळाशी खुडायचे, मधल्या कोवळ्या पानांना हात लावायचा नाही, मग रोप पानं देत राहतं. काकूंनी मान डोलावली, पण खुडू मात्र दिलं नाही. इतक्यात नको, दमेल ते, म्हणाल्या.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. एका सकाळी काकू अनवाणीच माझ्या स्वयंपाकघरात आल्या. रीमा आंघोळीला गेली असताना समीरचा फोन आला होता. रीमाच्या आईवडिलांची इमारत कोसळली होती. ते दोघं कुठे आहेत, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या या अवस्थेत तिला काही सांगू नकोस, असं समीरने बजावलं होतं.

त्या दिवशी मी फाटकातून बाहेर पडले आणि गॅलरीतून आवाज आला नाही. वर पाहिलं तर काकू कुंड्यांपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. जन्मभर न झालेल्या गोष्टींचा घोर लावून घेणारी ही बाई, खरोखर काही झालं तेव्हा गप्प झाली होती. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी त्या जिन्यातच माझी वाट बघत होत्या. "तिला सांगायचंय," म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, जवळ बसून सांगा."

"पण समीर नको म्हणालाय ना?"

"तिचे आईबाप आहेत, सुनीता. त्यांची काळजी करायचा हक्क तिचा आहे. तो मी कसा काढून घेऊ?"

काकू रीमाचा हात धरून एकेक वाक्य मराठीत बोलल्या, मी ते इंग्रजीत सांगितलं. रीमा रडली नाही. ती उठून गॅलरीत गेली आणि देठ खुडायला लागली. बाहेरचे तेवढेच, खाली मुळाशी. त्या वेळीसुद्धा तिने मधली पानं राखली. काकू आत जाऊन दलिया भिजत घालून आल्या आणि टोमॅटो चिरायला बसल्या. आम्ही तिघींनी ती कोशिंबीर खाल्ली. लिंबू जास्त झालं होतं. रीमाने मात्र ताटली संपवली.

पुढे कळलं, की आई आदल्या दिवशीच डोंगरातल्या गावी बहिणीकडे गेली होती. वडील घर सोडून गेले नव्हते. ते त्या ढिगाऱ्यातच गेले.

काही दिवसांनी रीमाच्या आईने व्हिडिओवर फोन केला. दोघी मायलेकी नुसत्या रडत होत्या. काकूंना काय करावं सुचेना. त्यांनी कुंडी उचलून आणली आणि फोनसमोर धरली. पलीकडच्या बाईने डोळे पुसले, चष्मा लावला, रोप निरखलं आणि काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतात त्या?" काकूंनी घाबरून विचारलं.

रीमा कितीतरी दिवसांनी हसली. मला म्हणाली, सांग यांना, आईला काळजी वाटतेय, झाडाला पाणी जास्त होतंय.

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि समीर सासूसुनांना दुबईला घेऊन गेला. कुंड्या माझ्याकडे आल्या. मी साडी बांधली, दोन वेळा पाणी शिंपडलं, तरी मे महिन्याच्या उन्हात पानं पिवळी पडून एकेक रोप वाळत गेलं. काकूंना सांगायची मला भीती वाटत होती. शेवटी फोन केला.

"जाणारच होती ती उन्हाळ्यात," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला ठाऊक होतं."

"मग इतका जीव का टाकत होतात तिच्यावर?"

मागे बाळाचं रडणं ऐकू आलं. "थांब हं," म्हणत काकू फोन तसाच ठेवून धावल्या. मीही बंद केला नाही. काकू मराठीत विचारत होत्या, पोट दुखतंय का गं हिचं? रीमा इंग्रजीत काही सांगत होती. आणि एक तिसरा, म्हातारा आवाज, रीमाच्या आईचा, अरबीत घाईघाईने बोलत होता. तिघींना एकमेकींचं किती कळत होतं कोण जाणे. बाळ हळूहळू शांत झालं, आणि या तिघी तशाच बोलत राहिल्या.