गंगूच्या हातची पेज

मालवण बंदराजवळच्या शेडमध्ये गंगू वीस वर्षं कोळंबी सोलतेय. तोंडाने फटकळ, पण सकाळी दहा वाजता तिच्या टोपातली पेज शेडमधल्या सगळ्या बायकांना पुरायची. कुणाच्या घरी ओढाताण आहे हे तिला न सांगता कळायचं आणि त्या बाईच्या वाटीत पळीभर पेज जास्त पडायची. शेडमध्ये तिला मान होता तो या पेजेमुळे.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्या आनंदीबाईला क्षय निघाला. मग आरोग्य खात्याची माणसं आली. एका छपराखाली बसता, तेव्हा सगळ्यांचीच तपासणी. आज हाताला सुई, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात फुगवटा मोजायचा. बायका मागे सरल्या. गंगू पुढे झाली.

"सुयेक कित्याक घाबरतास गो? ह्यो बघा माझो हात!"

मग सगळ्यांनी सुई घेतली.

तिसऱ्या दिवशी नेमकी बोटींना कोळंबी भरभरून लागली. एवढा माल सोडून कोण उठणार? एकटी गंगू गेली, शब्द दिला होता म्हणून. नर्सने फुगवट्याभोवती पेनाने गोल काढला. फोटोत छाती साफ निघाली. जंतू अंगात झोपलेला आहे, तुमच्यापासून कुणाला धोका नाही, तो उठू नये म्हणून बारा आठवडे गोळ्या घ्या, असं डॉक्टरांनी समजावलं. गंगूने शेडमध्ये येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. एवढी शहाणी बाई, पण तिथेच चुकली.

कुणी ऐकलंय? हातावरचा गोल तेवढा सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीचा वेगळा डबा. वीस वर्षं शेजारी बसणारी मथुरा म्हणाली, "माका भूक नाय गो." त्यांच्यातल्या कितीजणींचे हात तसेच फुगले असतील, देव जाणे. मला या बायकांची चीड येते. त्यांच्या जागी मीही डबाच नेला असता, म्हणून ती धड येतही नाही.

गोळ्या संपल्या, तरी तिची पेज कुणी घेतली नाही. गंगू दाराशी एकटीच जेवते.

गेल्या आठवड्यात नर्स तपासणी अर्धवट राहिलेल्यांसाठी पुन्हा आली. गंगूची सून अक्षदा हल्लीच कामाला लागलीय, महिनाभर खोकतेय. ती उठली तशी गंगूने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"माझा झाला ता पुरे. तू चार बायकांत बसान जेव."

नर्सने यादी काढून विचारलं, "मावशी, या कोण? नाव नाही यांचं."

"पाहुणी आहे," गंगू म्हणाली. "इथे कामाला नाही."

अक्षदाने तोंडावर पदर दाबून धरला, तरी खोकला ऐकू आलाच.