पायाळू आत्याबाई आणि मणक्यातला पू

नवऱ्याच्या मांडीला गळू झालं होतं. ते त्याने अंघोळ करताना स्वतःच पिळलं आणि विसरून गेला. पुढे कंबर धरली, संध्याकाळी ताप चढायला लागला. मी रोज ताप मोजून आकडा फ्रिजवर लावत होते. तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण आमच्या अंबरनाथच्या घरात बदलापूर गावातून आतेसासूबाई दाखल झाल्या होत्या.

या बाई पायाळू. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. एवढ्या कर्तबगारीवर त्या आयुष्यभर लोकांच्या पाठीवर पाय देत आल्या आहेत. त्याने उसण जाते म्हणे. माझा नवरा शिकलेला इंजिनिअर. तो मुकाट्याने पालथा झोपला. आत्याबाईंनी पाय दिला, तो किंचाळला.

"बघ, सुटतेय उसण!"

"उसणीने ताप येतो होय, आत्याबाई?"

"अगं सूनबाई, उसणीचाच ताप तो. तुझ्या थर्मामीटरला काय कळतंय!"

हा तमाशा रोज सकाळी चालला. मग एकदा हॉलमध्ये नवऱ्याच्या पायातून चप्पल निसटली आणि त्याला पत्ताच नाही. एक पाय अनवाणी, तसाच चालत राहिला. मी शेजाऱ्यांची गाडी मागवली आणि त्याला उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये नेलं.

एमआरआय बघून सर्जनने सरळ सांगितलं. गळवातले जंतू रक्तातून मणक्यात गेलेत. तिथे पू झालाय आणि तो मज्जारज्जूला दाबतोय. आजच पू काढायचा, सडलेलं हाड साफ करायचं, स्क्रू आणि रॉड घालून मणके धरून ठेवायचे. नंतर कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. थांबलात तर पाय जातील.

बाहेर खानदान जमलेलंच होतं. थोरले दीर टाइल्सचं दुकान चालवतात, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं.

"मणक्याला सुरी लागली की माणूस लुळा पडतो."

"असे किती पाहिलेत तुम्ही?"

"ऐकलंय ना!"

आत्याबाई तर नर्सच्या मागेच लागल्या. "आत न्यायच्या आधी एकदाच पाय लावू दे गं."

"आजी, तुम्ही आधी बाकड्यावर बसा," नर्स म्हणाली.

मी सही केली.

ऑपरेशननंतर नवरा शुद्धीवर आल्यावर सर्जनने त्याला पायाचा अंगठा हलवायला सांगितलं. हलला, जेमतेम. मी बाहेर येऊन सांगितलं, तर दीर म्हणाले, "नुसता अंगठा हलून काय होतंय?"

सलाईनचे आठवडे संपले, तो घरी आला. फिजिओथेरपीवाली त्याला रोज चालवत होती. तेव्हा हीच मंडळी पुन्हा आली, आमचा चहा प्यायली आणि वर्षभर पलंगावरून उठायचं नाही असं बजावून निघाली. नवऱ्याने कमरेचा पट्टा आवळला, उठला आणि भिंतीला हात न लावता, सावकाश, त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. तो चालतोय हे एकाच्याही लक्षात आलं नाही. जिन्यात उतरतानाही त्यांचे सल्ले चालूच होते.

दार मी लावलं.