गरिबीचा फोटो

हिंगोली नवा जिल्हा झाला, तेव्हा त्याचं मागासलेपण अभ्यासायला आम्ही सिद्धेश्वर धरणालगतच्या एका गावात गेलो. फोटो निघणार म्हणून एका बाईंनी स्टीलचे डबे घासून फळीवर लावले होते. शेजारून खुर्ची मागून आणली होती आणि ती पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

आमचे सर म्हणाले, "डबे, खुर्ची हटवा. फोटोत गरिबी दिसली पाहिजे."

मी डबे उतरवू लागलो.

"काहून साहेब, गरिबी कमी पडून राहिली का? तीबी शेजारून आणू?" बाईंनी माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "काढा आता. न्हाई तर राहू द्या."

फोटो निघालाच नाही. अहवालात 'ग्रामस्थांचा असहकार' असा शेरा पडला. तो मीच लिहिला, वर सरांची शाबासकीही घेतली.