बुरूस लटकवायची तार

तीस वर्षं मास्तरकी केली. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि ज्यांना मी छड्या मारल्या होत्या त्यांनीच उठून माझ्या मायाळूपणावर भाषणं केली. ऐकून घेतली. एवढ्या वर्षांत मी कुणाला काय शिकवलं हे देव जाणे, पण रंगाचा बुरूस तेलाच्या डब्यात कसा ठेवावा हे मला पक्कं ठाऊक आहे. रंगारी घरी आला आणि त्यानं बुरूस डब्यात उभा ठेवला की माझं डोकं फिरतं. मी हातभर तार घेतो. तिचं एक टोक डब्याच्या काठावर वाकवून अडकवतो, दुसऱ्या टोकाचा आकडा बुरसाच्या दांड्याला पाडलेल्या भोकात घालतो. बुरूस डब्यात लटकतो, केस तेलात बुडतात पण तळाला टेकत नाहीत. झालं. एवढंच यंत्र.

रंगारी विचारतो, "बाबा, हे कुठी शिकले?" मग मी त्याला खुर्चीची गोष्ट सांगतो आणि तो पोट धरून हसतो. आजवर सगळेच हसले. मी ती गोष्ट नेहमी हसण्यापाशीच थांबवतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आज पुढची पण सांगून टाकतो.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. माझी शाळा वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळाच्या समोरच्या अंगाला. गाव मासे धरणाऱ्या ढिवरांचं आणि चार-दोन धानवाल्या घरांचं. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एक, तो मी. चांद्याच्या परकोटाच्या आतला जन्म, मॅट्रिक पास, त्यामुळे मला सगळंच येतं असा माझा समज होता. गावाचाही होता, कारण दुसरं कुणी मॅट्रिक त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पाचवीला जायचं तर नदीपलीकडे. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर, पण आषाढापासून कार्तिकापर्यंत नदी अशी फुगायची की डोंगेवालेसुद्धा मार्कंडदेवाला हात जोडून मगच डोंगा सोडायचे. पोरं कशीबशी जात. पोरी चौथी झाली की घरी बसत. मासे वाळवत, भाऊ सांभाळत, आणि लग्नाची वाट पाहत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एकीला वाटलं. मासे विकणारी बाई होती, नवरा पुरात गेलेला, जीभ अशी की पाटलालाही चुप करेल. तिची एकच पोर, आणि ती पोर म्हणजे आग होती आग. पाढे असे म्हणायची की मीच मध्ये अडखळायचो. चौथीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही बाई डोक्यावर मासोळ्यांची टोपली घेऊन शाळेच्या दारात उभी.

"गुरुजी, माह्या पोरीले नापास करा."

मी म्हटलं, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? पहिली येईल ती."

"म्हनूनच म्हन्तो ना. पास झाली का तिचं नाव काटसान. मंग थे घरी बसन. मी बजारात जातो, घरी कोनी नाई, लोकं म्हन्तीन लगन करून टाक. नापास केलं तर आखीन एक साल शाळेत राहीन. तेवढ्यात तुम्ही इथी पाचवा वर्ग आना."

म्हणजे पोरीला नापास करायचं आणि पाचवा वर्गही आणायचा, दोन्ही कामं माझ्याकडे. माझी नोकरी जाईल असं मी म्हणालो. ती म्हणाली, "जाईन तं जाईन, तुम्हाले चांद्यात दुसरी भेटन. माह्या पोरीले दुसरी शाळा कुठी भेटते?"  मी तिला नापास केली. गणितात. जी पोर मला पाढ्यात हरवायची तिच्या गणिताच्या पेपरावर मी लाल शाईनं भोपळा काढला.

मग मी पाचवीसाठी अर्जांवर अर्ज केले. शेवटी माघात कागद आला की शाळा तपासणारे डिप्टी साहेब मार्कंड्याच्या जत्रेनंतर स्वतः येऊन पाहणी करतील, इमारत आणि फर्निचर सुस्थितीत असावं. फर्निचर म्हणजे एक खुर्ची, एक टेबल, एक कपाट. कागदासोबत एक हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणि एक बुरूस. मी लगेच उलट टपाली कळवलं की फर्निचर रंगवून तयार आहे. तेव्हा डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दार रंगवलं आणि बुरूस दगडावर ठेवून जेवायला गेलो. सकाळी पाहतो तो बुरसाचं लाकूड झालेलं. कंदिलातलं सगळं रॉकेल एका रिकाम्या डब्यात ओतून त्यात उभा केला. दोन दिवसांनी केस मऊ झाले, पण तळाला टेकून असे वाकले की बुरूस टेबलावर फिरवला की रंग भलत्याच कोपऱ्यात जायचा. मी त्याला शिव्या घालत बसलो होतो, तेवढ्यात मासेवाली आली.

"काय करून राह्यले गुरुजी?"

"दिसत नाही का? शिक्षण खातं रंगवून राहिलो."

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. "त्याले उभं काऊन ठेवता? मानूस उभ्यानं झोपते का? लटकवा त्याले!"

टोपली खाली ठेवून ती घरी गेली आणि गळाची जाड तार घेऊन आली. चुलीत लाल केलेल्या खिळ्यानं दांड्याला भोक पाडलं, दगडावर तार ठोकून दोन आकडे वळवले आणि बुरूस डब्यात टांगून दिला. तिच्या घरी तेलाच्या गाडग्यात पळी अशीच लटकायची म्हणे, म्हणजे पळी बुडत नाही आणि हात बरबटत नाही. रॉकेल संपलंच होतं, तेव्हा तिनं टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल वाटीभर आणून ओतलं. आमच्या भागात भाजीला तेच, दिव्याला तेच आणि डोक्यालाही तेच. जाताना मात्र एक वाक्य बोलून गेली, "लावाच्या आंधी पुसून घ्याजा बरं."

बुरूस काय मऊ झाला म्हणता! वाकलेले केस चार दिवसांत सरळ. मी खूश. एवढा खूश की पुसणं-बिसणं विसरलो. आणि इथं माझी मॅट्रिक कामाला आली. डब्यात रंग कमी उरला होता, टेबल कसंबसं उरकलं होतं, खुर्ची राहिली होती. ऑइलपेंट म्हणजे तेलातला रंग, एवढं विज्ञान मला येत होतं. तेल ते तेल! मी उरलेलं सगळं टोळीचं तेल रंगात ओतलं, ढवळलं, आणि खुर्ची अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड दिसावं.

ऑइलपेंटातलं जवसाचं तेल वाळतं, टोळीचं वाळत नाही. ढिवरांच्या कुठल्याही बाईनं हे सांगितलं असतं, पण विचारायला आधी आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक असावं लागतं. चार दिवस झाले, खुर्ची ओलीच. उन्हात ठेवली तर तेल पाझरायचं, सकाळच्या गारव्यात तुपासारखं थिजायचं. मुंग्यांना वास लागला, त्या आल्या आणि चिकटल्या. मी मुंग्या वेचू लागलो तर माझी बोटं चिकटली. गोष्ट सांगताना मी आजवर "त्या बाईनं तेल दिलं आणि घात झाला" असंच सांगत आलो. खोटं आहे ते. तिचं तेल बुरसासाठी होतं, खुर्चीसाठी नव्हतं.

डिप्टी साहेब बैलगाडीतून उतरले. पांढरीशुभ्र पँट, डोक्यावर हॅट. मी बाजेवर सतरंजी टाकून ठेवली होती. पण साहेब म्हणाले, "मास्तर, तपासणी बाजेवर बसून होत नसते." आणि पाटलांनी, वाटोळं होवो त्यांच्या अदबीचं, खुर्ची पुढे सरकवली. मी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते साहेबांनी स्वतः बाजूला केलं, तेवढं एक निघालं, आणि बसले. फर्निचर तयार असल्याचं मी लेखी कळवलेलं. आता ओलं आहे हे कोणत्या तोंडानं सांगू?

साहेबांची तपासणी सुपारी चघळून होईस्तोवर आटपते अशी ख्याती होती. त्याप्रमाणे हजेरीपट पाहिला, नकाशा पाहिला, आणि "ठीक आहे" म्हणत उठले. खुर्चीही उठली. साहेब क्षणभर तसेच वाकून राहिले, मग अगदी शांतपणे खाली बसले आणि म्हणाले, "मागल्या वर्षीचे रजिस्टर पण आणा." मी आणलं. त्याच्या मागल्या वर्षीचंही आणलं. तासाभरानं एकदा त्यांनी हळूच जोर लावून पाहिला, खुर्चीनं दाद दिली नाही. मग ते म्हणाले, "आता मुलांची परीक्षा घेतो." माणूस खानदानी होता, तोंडावरची सुरकुती हलली नाही. माझ्या शाळेची इतकी सखोल तपासणी ना आधी कधी झाली ना नंतर.

रंगाऱ्याला मी इथपर्यंतच सांगतो. मग पाटलांचं धोतर आलं, साहेबांनी पडद्याआड ते नेसलं, पँट खुर्चीवरच राहिली, असं म्हणतो आणि चहा मागवतो. पण धोतर यायच्या आधी एक घडलं.

साहेबांनी त्या पोरीला उभी केली. तोंडी हिशेब घातला, तिनं साहेबांचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं. दुसरा घातला, तिसरा घातला. साहेब पुढे वाकून ऐकायला लागले, खुर्चीचं भानही गेलं असावं. मग रजिस्टर उघडून त्यांनी भुवया वर केल्या. "मास्तर, ही मुलगी गणितात नापास?"

दारात तिची माय उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, थे मीच सांगतलं होतं..."

तिनं सगळं सांगितलं असतं. पोर कशी, नदी कशी, एक साल कसं मागून घेतलं, सगळं. साहेब चांगला माणूस होता, तीन तास बसलेला होता, ऐकून घेतलं असतं. पण मला फक्त माझी नोकरी दिसली. मी ओरडलो, "बाई, तुम्ही चुप बसा! साहेबांसमोर बोलायची रीत आहे का?" आणि साहेबांकडे वळून हात जोडले. "चूक झाली साहेब. गुणांच्या बेरजेत चूक झाली."

ती चुप बसली. पाटलाचं न ऐकणारी बाई माझं ऐकून चुप बसली, कारण मी पाचवी आणणार होतो.

साहेब न्यायी होते. त्यांनी शेरेबुकात लिहिलं की सदर विद्यार्थिनी अत्यंत हुशार असून तिच्यावर अन्याय झाला आहे, तिला मागील वर्षीच उत्तीर्ण समजून चौथीचा दाखला द्यावा व नाव कमी करावे. पाचव्या वर्गाचा विचार फर्निचर सुस्थितीत आल्यावर करावा. सही केली, पाटलांचं धोतर सावरत गाडीत बसले. जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून "शाब्बास" म्हणाले.

दाखला मीच लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात. देऊ लागलो तेव्हा बाई नदीवरून आलेली, हात ओले. तिनं लुगड्याला हात पुसले आणि कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"पास झाली का?"

"झाली."

"मंग उद्यापासून कुठी बसन?"

 ती पोरीच्या नव्हे, माझ्या तोंडाकडे पाहत होती. "सालभर म्या तिले लटकवून ठेवलं गुरुजी," ती म्हणाली, "सुकू नाई देल्लं. तुम्ही एका बोलात सोडून देल्लं." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. मला शरम वाटली, अजून वाटते.

मी म्हटलं पोरीला पाठवत जा, हजेरीपटात नाव नसलं तरी मी शिकवतो. आली ती काही दिवस, व्हरांड्यात बसायची. मग धानाची रोवणी लागली, नदी चढली, आणि येणं राहिलं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. आरमोरीकडलं घर, म्हणे बरं होतं. आहेर म्हणून मी पाटी घेऊन गेलो, आणि तिथं ती कुणाला देऊ हे न कळून परत घेऊन आलो.

पाचवा वर्ग तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. उद्घाटनाला कोण आलं ते आठवत नाही. पाहुण्याला बसायला म्हणून मी ती हिरवी खुर्ची बाहेर काढली, आधी हात लावून पाहिला. वाळली होती.