बॉनेटवरचा हात

"गरम हाये. उद्या येतो."

एवढंच म्हणून ते वळले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतात तसा उलटा हात त्यांनी पिकअपच्या बॉनेटवर टेकवला होता, दोन श्वासांपुरताच.

"अहो मिस्तरी, आत्ताच पूजा केली ना!" जुन्या गाड्या विकणारा यार्डवाला अगरबत्तीचा पुडा हातात घेऊन मागे धावला. "पूजेले चालू केली होती. देवाचं काम हाये ते."

"पूजा चांगलीच. म्हनूनच उद्या येतो."

गाडी घ्यायला आलेला कोंबड्यांचा व्यापारी डॉक्टरमागे पेशंट जावा तसा त्यांच्या मागे निघून गेला. यार्डवाला पुडा हातात धरून तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावरचं मधाळ हसू हळूहळू उतरत गेलं, आणि फाटकापाशी फोन कानाला लावून उभ्या असलेल्या मला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. फोनवर पलीकडे कुणीच नव्हतं.

मी तिथे का उभी होते ते आधी सांगते.

माझे बाबा आठवडी बाजारात तयार कपडे विकतात. आज मूल, उद्या सावली, परवा पार गडचिरोलीकडे. गठ्ठे एसटीत चढवण्यावरून कंडक्टरशी रोजची हुज्जत. ती संपावी म्हणून त्यांनी चंद्रपुरातल्या याच यार्डातून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. कागद इंग्रजीत होते, म्हणून मला सोबत नेलं. यार्डवाल्याने मला पंख्याखालची खुर्ची दिली, "बेटा, थंडा घेतेस का?" म्हणाला, बाबांना म्हणाला, "पोरगी हुशार हाये भाऊ तुमची." शेवटच्या कागदावर लिहिलं होतं की गाडी जशी आहे तशी घेतली आहे, पुढे काही निघालं तर विकणारा जबाबदार नाही. मी ते वाचलं. मला ते समजलंही.

"बरोबर आहे ना?" बाबांनी विचारलं.

मी मान हलवली. सगळे इतके छान बोलत होते, हातात थंडा होता, आणि मला माणसांसमोर नाही म्हणता येत नाही. साक्षीदाराची सही माझी आहे.

अजून एक गोष्ट आहे. पेन खाली पडला तेव्हा मी गाडीखाली वाकले होते. खाली सगळीकडे चिखल वाळलेला होता आणि मधेच एका जागी चकचकीत काळा रंग. मला वाटलं, किती निगा राखली आहे!

तिसऱ्या आठवड्यात, बाजार करून परतताना, जंगलातल्या रस्त्यावर गाडीचा खालचा सांगाडा, चासी, त्याच काळ्या रंगाच्या जागी मोडली. मागचा मालाचा डाला खाली बसला आणि गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडाला जाऊन भिडली. बाबांचा उजवा हात दार आणि झाड यांच्यात सापडला. दोन बोटं आता वळत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर शर्टाच्या घड्या घातल्या, तो आता हनुवटीखाली कॉलर धरून डाव्या हाताने घडी घालतो. गिऱ्हाईक समोर असलं की मान खाली घालून घालतो.

यार्डवाल्याकडे गेलो, तर त्याने आधी बाबांचा प्लॅस्टरमधला हात हातात घेतला. "लेकराची शपथ भाऊ, मलेबी माहीत नव्हतं. मागच्या मालकानं मलेच फसवलं." मग ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं तुम्ही काय केलं असतं? मी काय काय करायचं ठरवलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रत्यक्षात एवढंच करत होते, की ऑफिसला सुट्टी असली की त्याच्या फाटकासमोर जाऊन उभी राहायचे. आणि त्या दिवशी ऐकलं, "गरम हाये. उद्या येतो." दोन वाक्यांत सौदा मोडला होता. आवाजही चढला नव्हता.

मिस्तरीकाकांना मी लहानपणापासून पाहत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं टिनाचं गॅरेज. आत सगळं काळं, फक्त दोन गोष्टी स्वच्छ. एक बाबासाहेबांचा फोटो, दुसरा तारेवर वाळत घातलेला पांढरा रुमाल. तो ते स्वतः धुवायचे, साबण लावून, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले.

"काका, मला शिकवा."

"काय? स्कूटी बिघडली का?"

"जुनी पिकअप पाहायला."

"घेऊन राह्यली का?"

"नाही." ते पाना पुसत होते. मी म्हणाले, "त्या यार्डातली एकही विकली जाऊ नये."

त्यांचा पुसणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, माझ्यात किती दम आहे ते जोखताहेत.

"रविवारी ये," ते म्हणाले. "चप्पल नोको घालू, जोडे घाल. अन् ओढनी बांधून घे. फॅन बेल्टाले माया नसते."

अशा रीतीने मी त्यांची टॉर्च धरणारी झाले. ते मला 'ऑफिसर' म्हणायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "हे आमची ऑफिसर. बोलत नाई, पर सगळं लिहून घेते." मी काहीच लिहीत नव्हते, पण यार्डवाला त्या वाक्याला दचकायचा.

त्यांची गाडी पाहण्याची रीत तुम्ही एकदा पाहिली असती तर विसरला नसता. आधी बॉनेटवर हात. डिझेलचं इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. झिजलेलं असलं तर सकाळी उठायला कुरकुरतं, धूर ओकतं. एकदा तापलं की म्हातारंही तरण्यासारखं धावतं. म्हणून विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतो. मग ते चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढायचे आणि उलटं करून तिथेच ठेवायचे. "पाह्य, नाचते का. थोडं हाललं तर चालते. वरातीसारखं नाचलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या." मग पांढरा रुमाल सायलेन्सरसमोर धरायचे. रुमालावर उमटलेला डाग उजेडाकडे करून पाहायचे, घरातली बाई तांदूळ पाहते तसा.

मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. ते ब्रेकच्या पेडलचं रबर पाहायचे. "मीटर दोन मिनिटांत मागं जाते. रबर कोन मागं नेईन?"

आणि मग दाराच्या फटीत पेचकसाचं टोक घालून आतली धूळ काढायचे, तळहातावर घ्यायचे. काळी असली तर कोळसा. चमकली तर वैनगंगेची रेती. "रेतीवाल्याची गाडी फुकट भेटली तरी घेऊ नोको," म्हणायचे. एकदा मोहफुलांचा वास आला. ते खूप वेळ हुंगत राहिले आणि म्हणाले, "हे गाडी सुखी होती."

यार्डातल्या गाडीला ते कधी वाईट म्हणत नसत. फक्त "उद्या येतो." आणि उद्या खरंच जायचे. पण यार्डवाल्याने देवाला कामाला लावलं होतं. रोज सकाळी सातला तो प्रत्येक गाडीला अगरबत्ती ओवाळायचा, लिंबू ठेवायचा आणि एकेक गाडी चालू करायचा. त्यामुळे त्याच्याकडे गाडी थंड अशी कधी सापडायचीच नाही. आणि पूजेला कोण हरकत घेणार? आमच्याकडे नवी सायकलसुद्धा हळदीकुंकवाशिवाय दारात येत नाही.

"मंग आपन देवाच्या आधी जाऊ," काका म्हणाले.

थंडीचे दिवस होते. कोंबड्यांचा व्यापारी, काका आणि मी पहाटे साडेपाचला यार्डात. चौकीदार शेकोटीपाशी होता. काकांनी त्याच्याशी बिडी आणि नातीगोती काढली, आणि त्याने किल्ली दिली. बॉनेट बर्फासारखं. व्यापाऱ्याने सेल्फ मारला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा इंजिन असं खोकलं की झाडावरचे बगळे उडाले, आणि निळ्या-पांढऱ्या धुराने अख्खं यार्ड भरून गेलं. त्या धुरातून यार्डवाला धावत आला. कमरेला टॉवेल, एका हातात अगरबत्ती, दुसऱ्यात माचिस.

"अहो, पूजेच्या आधी कायले चालू केली?"

"तुमचंच काम हलकं केलं जी," काका म्हणाले. "एवढ्या धुपानं आठवडाभराची पूजा झाली."

व्यापारी पोट धरून हसला. चौकीदारही हसला. मी हसले नाही. मी यार्डवाल्याकडे पाहत होते. उघड्या अंगावर काटा आला होता त्याच्या, आणि मला वाटत होतं, अजून थंडी पडावी.

घरी येताना काका म्हणाले, "ऑफिसर, तुले मजा आली ना?"

"हो."

"मले नाई आली."

उन्हाळा लागला तशी त्यांना धाप लागायला लागली. एका रविवारी मी गेले तर ते गॅरेजबाहेर स्टुलावर बसले होते. रुमाल मांडीवर घडी करून. म्हणाले, "बस. एक सांगतो, मधात बोलू नोको. तू तसंही बोलत नाईस."

बाबांच्या गाडीचा जोड त्यांनीच मारला होता.

ती गाडी आधी एका विटांच्या भट्टीवर होती. अपघातात चासी वाकली. मालकाने हात जोडले, म्हणून त्यांनी कापून जोडून दिली. "मी त्याले सांगितलं होतं, रिकामी गाडी गावातल्या गावात चालव, माल नोको भरू. त्यानं हो म्हटलं अन् विकून टाकली. तुह्या बाबाची मोडकी गाडी गल्लीत आनली, तवा मी खाली वाकून पायलं. आपला हात आपल्याले ओळखू येते."

"यार्डवाल्याला माहीत होतं?" मी विचारलं.

"ते मले नाई सांगता येत. काळा रंग त्यानं मारला का पयल्या मालकानं, हे मी पायलं नाई. नाई पायलं ते कसं बोलू?"

मला आता कळलं, मी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा हात का थांबला होता. इतके महिने मी त्यांची टॉर्च धरत होते आणि मनात एकाच माणसाला जाळत होते. आता दोन माणसं झाली.

"बाबांना सांगू का?" मी मुद्दाम विचारलं. त्यांना लागावं म्हणून.

"मी कालच सांगून आलो."

"काय म्हणाले?"

"काई नाई. मंग म्हन्ला, चहा घ्या. स्वतः केला. डाव्या हातानं." त्यांनी रुमाल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. "थोडा सांडला."

तीन रविवार मी गेले नाही. बाबांवरही रागावले होते, चहा पाजला म्हणून. चौथ्या रविवारी जोडे घातले आणि गेले. माफ केलं होतं असं नाही. त्यांनीही विचारलं नाही. म्हणाले, "टॉर्चमधले सेल बदलवले का?" मी बदलले होते.

ते मे महिन्यात गेले. तीन दिवस दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी नव्हते. गॅरेजला त्यांच्या मुलाने कुलूप लावलं. तो पुण्याला असतो.

मी मात्र रविवारी यार्डापाशी जात राहिले. सवयीने म्हणा, वैराने म्हणा. टॉर्च सोबत असायची, पण बोलायला कुणी नव्हतं, आणि मी कुणाला अडवलं नाही. फाटकाशी उभी राहून गाड्या जाताना पाहायची. यार्डवाला आता मला पाहून न पाहिल्यासारखं करायचा. काका गेल्यापासून जाडही झाला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. चिमूरकडचं एक जोडपं आलं होतं. धान न्यायला गाडी हवी होती. बाई केबिनमध्ये चढून सीट दाबून पाहत होती, नवरा स्टिअरिंग धरून बसला होता. खाली उभा यार्डवाला सांगत होता, "डोळे झाकून घ्या भाऊ. मिस्तरीनं पास केलेली गाडी हाये. बिचारा गेला, पर हिच्यावर हात ठेवून गेला."

माझे पाय फाटकाच्या आत कसे गेले ते मला कळलं नाही.

"ही गाडी दिवाळीत आली," मी म्हणाले. "काका उन्हाळ्यात गेले."

आवाज इतका लहान निघाला की केबिनमधल्या बाईने मान बाहेर काढली. "काय म्हन्ते हे बाई?"

"काई नाई, काई नाई. डोकं फिरलं हाये हिचं," यार्डवाला हसत म्हणाला. मी हलले नाही. मी टॉर्च लावली आणि गाडीखाली वाकले. तसं त्याचं हसू गेलं. "ओ मॅडम! निघा. मोठी आली मिस्तरीचं नाव घेनारी! तुमच्या बापाच्या गाडीचा जॉइंट कोनी मारला होता, माहीत हाये का? तुमच्या त्याच मिस्तरीनं! मी गाडी घेतली तवाच भट्टीवाल्यानं मले सांगितलं होतं, हे मिस्तरीचं काम हाये म्हनून!"

आणि मग तो थांबला.

नवऱ्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते. चौकीदार पाइपने गाड्या धूत होता, तो पाण्याकडे न पाहता आमच्याकडे पाहत होता. मी उभी राहिले, गुडघे झटकले, आणि केबिनमधल्या बाईला, चौकीदाराला, फाटकाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"म्हणजे माझ्या बाबांना विकली तेव्हा तुम्हाला माहीत होतं."