मानपत्राचे बाराशे

शाळेचे दोन शिक्षक आणि संस्थेचे सचिव माझ्या दुकानात आले तेव्हा मी एका टेम्पोच्या नंबरप्लेटवर शेवटचा आकडा रंगवत होते. दुकान म्हणजे महाडच्या एस.टी. डेपोजवळ एका सायकलवाल्याचा अर्धा गाळा. बसायला एकच स्टूल. सचिवांनी ते घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या ड्रॉइंगच्या सरांचा निरोप समारंभ आहे. मानपत्र तुमच्याच हातचं हवं. देवाने एवढी कला दिलीय तुमच्या हातात."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकतं. ते ज्याच्या तोंडून येतं त्याला पैसे द्यायचे नसतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथल्या मंडळाने याच वाक्यावर माझ्याकडून देवळाचा अख्खा सभामंडप रंगवून घेतला आणि वर चहाही बिनदुधाचा पाजला. गवंड्याला कुणी म्हणत नाही, बाबा रे, तुझ्या हातात कला आहे, एक भिंत फुकट बांधून दे.

मी दर सांगितला, बाराशे रुपये. कागद, सोनेरी शाई, फ्रेम आणि तीन दिवसांचं काम.

मग सचिव हसत म्हणाले, "अहो, गुरूच्या मानपत्राचे पैसे घेणार?"

"हो," मी म्हणाले, "आणि आगाऊ."

ते उठून गेले. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत माझी लाज निघाली असणार. निघू दे म्हटलं. पैसे मी त्याच गुरूसाठी मागत होते, पण ते या लोकांना सांगायला मी बांधलेली नव्हते.

शाळेत चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत मला 'ए' ग्रेड मिळाली तेव्हा हे सर शेवटच्या स्टॉपपासून दीड तास चढून आमच्या घरी आले होते. माझे वडील, आबा, मुंबईला वॉचमन होते, शिमग्याला घरी आलेले. सरांनी माझ्याच एका चित्राच्या पाठीवर हिशेब मांडला: मुंबईत चित्रकलेच्या पदवीची फी, हॉस्टेल, रंग-कागद, आणि पुढे ड्रॉइंग टीचरचा पगार. नोकरी लागली की तीन वर्षांत कर्ज फिटेल. आबा म्हणाले, "चित्रं काढून पोट भरनार हाय काय हो हिचं?" सर म्हणाले, "माझं भरतंय ना?" आणि बारावीनंतर ते पतपेढीत माझ्या कर्जाला जामीन राहिले.

त्या हिशेबात एक आकडा नव्हता. नोकरी देणाऱ्या संस्थांनी मागितलेली देणगी माझ्या अख्ख्या कर्जाहून मोठी होती. पदवी घेऊन आल्यावर पाच ठिकाणी मुलाखत दिली. माझ्या चित्रांची फाईल एकानेही उघडून बघितली नाही; आकडा मात्र पाचही जणांनी आवाज खाली आणून सांगितला. आता सरांची जागा रिकामी होणार होती, तिचाही भाव आधीच ठरला होता.

मग मी नंबरप्लेटा रंगवल्या, दुकानांच्या पाट्या लिहिल्या. महाडात फ्लेक्सचं मशीन आलं आणि पाट्या गेल्या. पदवी घेऊन मी जेवढं कमवत होते त्याहून जास्त शेजारचा सायकलवाला पंक्चर काढून कमवत होता. दोन वेळा माझा हप्ता चुकला आणि पतपेढीने तो सरांच्या पगारातून कापला. सर एक अक्षर बोलले नाहीत. नोटिशीची प्रत माझ्याकडे आली तेव्हा मला कळलं. त्या दिवशी मला इतका संताप आला, की मी ब्रश मोडून गटारात टाकला आणि दुसऱ्या दिवशी तसलाच विकत आणला.

आता शेवटचे दोन हप्ते उरले होते, अठराशे रुपये. माझ्याकडे सहाशे होते. पतपेढीने सांगितलं होतं, महिनाअखेर भरले नाहीत तर सरांच्या निवृत्तीच्या पैशातून वळते करू. माझ्या शिक्षणाचा एकही पैसा तिथून जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः दुकानात आले. स्टुलावर बसले, चष्मा पुसला.

"बाराशे मागितलेस म्हणे."

"हो."

"कमी मागितलेस."

मग मात्र माझा तोल सुटला. मी म्हणाले, "सर, तीस वर्षं शाळेची सगळी मानपत्रं तुम्ही लिहिलीत. काय मिळालं? नारळ. या धंद्यात काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मग मला तिकडे पाठवलंत कशाला? जामीन कशाला राहिलात?"

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मला कधी मागता आलं नाही," ते म्हणाले. "वाटलं, तू तरी मागशील."

एवढंच बोलून ते गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई पाकीट घेऊन आला. "मोजून घे गो, बाराशे हायत," तो म्हणाला. "सर हेडसरांच्या तोंडावर बोलले, तिचे पैसे दिल्याशिवाय मी मानपत्राला हात लावनार नाय."

मी नोटा मोजल्या. बरोबर होत्या. तीस वर्षांत सरांनी शाळेकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि तेही माझ्यासाठी. मला त्याचाही राग आला. दुपारी पतपेढीत अठराशे भरले, पावती सरांच्या घरी देऊन आले आणि मग उधारीवर आणलेला कागद ताणून मानपत्र लिहायला बसले.